चतुःसीमा

शटर अजून अर्धंच वर आहे आणि बाहेर सात जण उभे आहेत. प्रत्येकाच्या हातात कागदांची पिशवी. कुणाची साडीच्या दुकानाची, कुणाची किराण्याची. एका आजींच्या हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा आहे, त्यात कागद घडी घालून ठेवलेत. आज रविवार. रिंग रोडची कापड मार्केटं बंद, म्हणून गोडादऱ्यातल्या या वकीलताईंच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही.

मी मामांसोबत आलोय. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झालाय. गल्लीत निम्मी घरं गावाहून नुकतीच परतलीत, गच्च्यांवर कुरडया वाळताहेत. कानावर पडते ती अहिराणी. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, पण चहाच्या टपरीवर भांडण चाललंय ते शिरपूरच्या उसाबद्दल. धुळे, जळगाव, नंदुरबारहून सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्यांतून माणसं उधन्याला उतरली आणि लिंबायत, डिंडोली, गोडादरा अशी पसरत गेली. कुणी लूमवर, कुणी एम्ब्रॉयडरी मशीनवर, बायका घरी बसून साडीला स्टोन लावतात. मामा लूमवरचे. बारा तासांच्या पाळीत जन्म काढलेले. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून मला सोबत घेतलंय. इथे यायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मामेभावाला वरचा मजला चढवायला कर्ज हवं होतं, आणि बँकेनं फाइल बघून परत दिली.

आमचा नंबर तिसरा लागतो.

मामा पिशवीतून कागद काढतात. लॅमिनेशन केलेले तीन कागद. ते टेबलावर ठेवताना ते आधी बाहीनं टेबल पुसतात.

“आबा, हे लॅमिनेशन कधी केलं?” ताई विचारतात.

“रेल आली ना, त्या साली.”

पुराला सुरतेत रेल म्हणतात. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं, तापीनं अर्धं शहर बुडवलं. तेव्हा मामांनी अडाजणला एका ओळखीच्या माणसाला ओले कागद दोरीवर वाळत घालताना पाहिलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आपले कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले. आता कडांना प्लास्टिक पिवळं पडलंय. आत पन्नास रुपयांचा स्टॅम्प, 1998 सालचा. नोटरीचा लाल गोल शिक्का. खाली मामांची सही मराठीत, एकेक अक्षर सुटं काढलेलं, आणि लिहून देणाऱ्याची गुजरातीत. पहिला कागद साटाखत, दुसरा कब्जा रसीद, तिसरा पॉवर, म्हणजे मुखत्यारपत्र. बारा बाय चाळीसचा गाळा, 65,000 रुपये.

“दस्तावेज कुठंय?”

“हाच की.”

ताई लगेच काही बोलत नाहीत. चष्मा काढतात, परत लावतात. माझ्या लक्षात येतं, हे वाक्य त्या दर रविवारी ऐकत असणार.

“आबा, हे साटाखत आहे. म्हणजे विकीन असं कबूल केलंय. विकलं असं नाही. गावाकडे आपण ज्याला खरेदीखत म्हणतो, ते इथं दस्तावेज. ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं लागतं. नोटरीनं शिक्का मारला म्हणजे फक्त सही तुमचीच आहे एवढं कळतं. मालकी बदलत नाही.”

“वेराबिल माझ्या नावावर शे. लाइटबिल माझ्या नावावर शे.” मामा पिशवीत परत हात घालतात. घरपट्टीची वीस-बावीस वर्षांची बिलं, वर्षवार, रबरबँडनं बांधलेली. एकही वर्ष चुकलेलं नाही. एक-दोन जुनी रबरबँडं सुकून कागदालाच चिकटलीत.

मला ही बिलं बघून गलबलून येतं. माणसानं आणखी काय करायचं होतं? पण ताई सांगतात ते कायद्याला धरून आहे. महापालिका वेरा वसूल करते तो त्या जागेत जो राहतो त्याच्याकडून. त्यानं जागा त्याची ठरत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून हे चालत आलंय की शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्त हवा. साटाखत आणि पॉवर ऑफ अॅटर्नीवर घरं फिरवायची पद्धत देशभर इतकी बोकाळली, की सर्वोच्च न्यायालयाला 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगावं लागलं, अशा कागदांनी मालकी जात नाही. आणि पॉवर देणारा माणूस गेला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर पॉवरही जाते.

“लिहून देणारा हयात आहे का?”

“ऑर्गनायझर होता तो. ऑफिस बंद करून गेला. कुठे गेला, ठाऊक नाही.”

शेतकऱ्याकडून जमीन घ्यायची, चुन्यानं पट्टे ओढायचे, गाळे पाडायचे आणि हप्त्यानं विकायचे, हे काम करणाऱ्याला इथं ऑर्गनायझर म्हणतात. गोडादरा तेव्हा गाव होतं, ग्रामपंचायत होती. पुढे ते सुरत महापालिकेत आलं.

“बरं. गावाकडे शेती आहे?”

“शे ना.” मामा ताठ बसतात. “गट नंबर एकशे चौदा. एक हेक्टर सव्वीस आर. पूर्वेला नाला, पश्चिमेला चुलत्याची वाटणी, उत्तरेला शिवरस्ता, दक्षिणेला देवस्थानची जमीन. सातबारावर मी, आणि दोन बहिणींची नावं. बहिणींनी हक्कसोड दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही.”

ऑफिसातली माणसं ऐकताहेत. ते सगळं एका दमात, न अडखळता सांगून होतं. मामांनी गाव सोडलं त्याला चाळीस वर्षं होत आली. चुलत्यानं एकदा नांगर दीड हात आत घातला होता, तेव्हा ते सुरतेहून रात्रीची गाडी पकडून गेले होते आणि मोजणी आणवून दगड रोवून आले होते. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

“आता इथला ब्लॉक नंबर सांगा.”

मामा माझ्याकडे बघतात. मी साटाखत उचलतो. प्लॉट नंबर आहे, सोसायटीचं नाव आहे. ब्लॉक नंबर लिहिलाय तिथे प्लास्टिकखाली शाई पसरलीय.

“ब्लॉक नंबर म्हंजे?” मामा हळू आवाजात विचारतात.

“तुमचा गट नंबर तोच इथला ब्लॉक नंबर, आबा. दोन्हीकडे जमीन एकत्रीकरण झालं ते 1947 च्या एकाच कायद्यानं. तेव्हा आपण एकाच मुंबई राज्यात होतो. तिकडे गट म्हणाले, इकडे ब्लॉक. सातबारा इथंही सातबाराच आहे. तलाठी इथंही तलाठीच. तिकडे फेरफार म्हणतात, इकडे नोंध म्हणतात, एवढाच फरक.”

सुरतेला आल्यापासून मला नेमकं हेच खुपतंय. बांधावरच्या दीड हात मातीसाठी रात्रीचा प्रवास करणारा माणूस इथे जन्माची कमाई देताना सातबारा बघायला विसरला. विसरला कसा? गावात त्याला उतारा कुणी शिकवला नव्हता, तो अंगात होता. इथे आल्यावर भाषा परकी, कचेरी परकी, आणि शेजारच्या चौघांनी तसंच घेतलेलं. चौघांनी घेतलं म्हणून पाचव्यानं घेतलं. ऑर्गनायझरनंही ‘बिनखेती होऊनच जाणार’, म्हणजे जमीन अकृषिक होईलच, असं सांगितलेलं. आपलीच माणसं तिथं होती, हा केवढा मोठा आधार वाटला असेल.

ताई त्यांच्याकडच्या, मामांच्या एका शेजाऱ्याच्या जुन्या फाइलमधून ब्लॉक नंबर शोधून काढतात. कम्प्युटरवर एनीआरओआर, गुजरात सरकारचं जमिनीच्या उताऱ्यांचं संकेतस्थळ, उघडतं. जिल्हा, तालुका, गाव, ब्लॉक. पडद्यावर गाव नमुना सात येतो. मामा खुर्ची पुढे ओढतात. त्यांना गुजराती वाचता येतं, बोट पडद्याला टेकवून ते वाचतात.

मालकाच्या जागी पाच नावं आहेत. शेतकरी वारला, वारसाई झाली, मुलांची आणि मुलींची नावं चढली. ऑर्गनायझरचं नाव कुठेच नाही. म्हणजे त्यानंही शेतकऱ्याकडून दस्तावेज केला नव्हता, साटाखतावरच गाळे विकले. जमिनीचा वापर: खेती. खाली बाराच्या नमुन्यात पिकाच्या रकान्यात लिहिलंय, घास.

मामा त्या शब्दावर बोट ठेवून थांबतात. त्या गवतावर आज दोनशेच्या वर घरं आहेत, पिठाची गिरणी आहे, गणपतीचं मंडळ आहे. मामींची गच्चीतली तुळस आहे.

“घर मन्हं शे ना, ताई?”

“घर तुमचंच. जमिनीचं काम राहिलंय.” ताई ते कोरडेपणानं म्हणत नाहीत. त्यांचे वडीलही लूमवर होते, हे मला मागून कळतं.

मग त्या समजावतात, आणि मी वहीत उतरवून घेतो. शेतजमीन शेती न करणाऱ्याला थेट घेता येत नाही, हा 1948 चा कूळकायदा गावाकडे आणि इथं सारखाच लागू झाला. म्हणून आधी जमीन बिनखेती झाली का, कुणी अर्ज केला होता का, तो कुठे अडला, हे बघायचं. दुसरी गोष्ट टीपीची. सुरतेत टाउन प्लॅनिंग स्कीम पडली की मूळ जमिनीतून साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत रस्ता, बाग, शाळा यांसाठी कपात होते आणि उरलेल्याचा फायनल प्लॉट आखून मिळतो. तो मूळ जागेवरच मिळेल असं नसतं. तेव्हा आपला गाळा ज्या तुकड्यावर उभा आहे तो कुणाच्या फायनल प्लॉटात गेलाय, की रस्त्यात, ते महापालिकेच्या नकाशावर बघायला हवं. तिसरी गोष्ट वारसांची. पाचही जणांनी सही केली तरच दस्तावेज होणार. मुलींनाही धरायचं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे 2005 च्या दुरुस्तीनं आलं आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं. तीन भावांच्या सह्या घेऊन निवांत झालेली माणसं पुढे दोन बहिणींच्या दाव्यात अडकतात.

“आणि ते लँड ग्रॅबिंगचं?” मामा विचारतात. आवाज पडलेला आहे. मागच्या गल्लीत कुणाला तरी तशी नोटीस आल्याचं त्यांनी ऐकलंय, तेव्हापासून त्यांची झोप उडालीय असं मामी म्हणाल्या होत्या.

गुजरातचा जमीन बळकावण्याविरुद्धचा कायदा 2020 चा. शिक्षा किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त चौदा. अर्ज कलेक्टरच्या समितीपुढे जातो. जमिनीचे भाव चढले तसे काही वारसांच्या हातात हे हत्यार आलं, असं इथली माणसं सांगतात.

“आबा, तुम्ही पैसे देऊन, कागद करून, कब्जा घेऊन राहताय. तुम्ही बळकावलेलं नाही. शिवाय तुमचा कागद 1998 चा आहे. 24 सप्टेंबर 2001 नंतरचं साटाखत नोंदवलेलं नसेल तर कब्जेदाराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. तुमचा त्याआधीचा. तुम्ही ठरलेलं सगळं पाळलंय हे दाखवता आलं, तर ती ढाल तुमच्या हातात राहू शकते. पण ढालच आहे ती. तिनं मालकी मिळत नाही, आणि बँक कर्ज देत नाही.”

मामा मान हलवतात. तारीख ते पुटपुटून दोनदा म्हणतात, पाठ करतात.

ताई लॅमिनेशनच्या कडेला नख लावून बघतात. अशा कागदावर पुढे शिक्का मारायचा, तपासायचा, तर प्लास्टिक काढावं लागणार, आणि काढताना शाई निघून येण्याची भीती. कोर्टात मूळ कागद मागतात. कमी स्टॅम्पचा कागद असला तर दंड भरून घेतात. “तोपर्यंत हात लावू नका,” त्या म्हणतात. “जसं आहे तसं ठेवा.” मामा तिन्ही कागद परत पिशवीत ठेवतात, या वेळी आणखी एका पिशवीत घालून.

आम्ही बाकावर सरकतो, झेरॉक्स व्हायच्या आहेत. पुढचं जोडपं बसतं. तरुण आहेत, बाळ कडेवर. डिंडोलीकडे फ्लॅट बघितलाय. ताई त्यांना विचारतात, कुणाच्या नावावर घेताय? मुलगा म्हणतो, माझ्या. गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के आणि वर नोंदणी फी एक टक्का. दस्तावेज एकट्या बाईच्या नावावर असेल तर ती एक टक्का माफ. मुलगा बायकोकडे बघतो. ती बाळाचं टोपडं नीट करत हसते.

विकणारा म्हणतोय, दस्तावेज जंत्रीनं करू, वरचे सात लाख रोख द्या. ताईंचा चेहरा बदलतो. जंत्री म्हणजे आपल्याकडचा रेडीरेकनर. 2011 पासून तीच होती, 15 एप्रिल 2023 पासून सरकारनं ती जवळपास दुप्पट केली. “स्थावर मालमत्तेत वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घ्यायची नाही, 2015 पासून कायदा आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड. आणि तुमचं काय होतं ते ऐका. उद्या सौदा फिसकटला, कोर्टात गेलात, तर कागदावर नसलेले सात लाख तुम्ही कुठून दाखवणार? वर्षानुवर्षं साठवलेले असतील.” मुलगी पहिल्यांदाच बोलते: “माझे दागिने आहेत त्यात.” त्यानंतर त्या दोघांचं बरंच हळू आवाजात चालतं. ताई मध्येच आठवण करतात, तो भाग अशांत धाऱ्यात येतो का बघा. 1991 च्या त्या कायद्याखाली जाहीर झालेल्या भागात कलेक्टरच्या आधीच्या परवानगीशिवाय दस्तावेज होत नाही, सुरतेचेही काही भाग त्यात आहेत.

डबा घेऊन आलेल्या आजी अजून उभ्याच आहेत. त्या घरमालकीण आहेत. तीन मजली घर, खाली त्या, वर सहा खोल्या भाड्यानं. एका खोलीतला भाडेकरू चार महिने भाडं देत नाही, जातही नाही. आजींनी लाइट कापायचं ठरवलंय, आणि तेवढं ‘विचारून घ्यावं’ म्हणून आल्यात.

“नका कापू, आजी. पाणी नाही, लाइट नाही, कुलूप नाही. नोटीस द्यायची आणि कोर्टातून काढायचं. उलट तुमच्यावर तक्रार होईल. करार आहे?”

डब्यात करार आहे. अकरा महिन्यांचा, दोन वर्षांपूर्वी संपलेला. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळे अकरा महिने लिहितात आणि मग ती तारीख विसरतात. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. इथं जुन्या मुंबई राज्याच्या 1947 च्या कायद्याची चौकट चालत आली. पोलिसांत भाडेकरूची नोंद केलीय का, असं ताई विचारतात तेव्हा आजी गप्प. पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यानुसार ती करावीच लागते, नाहीतर गुन्हा घरमालकावर.

“पोरगं बरं वाटलं व माय,” आजी म्हणतात. “ओडिशाचं. लूमवर होतं. आता काम सुटलंय त्याचं.” थोडं थांबून त्याच म्हणतात, “लाइट नाही कापत मी.” डबा मिटतात. मला त्या बाईबद्दल फार आदर वाटतो. भाडं बुडतंय हे खरं, आणि त्या पोराला काम नाही हेही त्यांना खरंच दिसतंय.

बारा वाजून गेलेत. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आम्ही निघतो. ताईंनी कागदावर लिहून दिलंय काय काय आणायचं: शेतकऱ्याचा जुना सातबारा, वारसाईची नोंध, बिनखेतीचा हुकूम असल्यास, टीपीचा नकाशा, आणि सर्वांत खाली, घराची चतुःसीमा. साटाखतात ती लिहिलेलीच नाही. मामा तो शब्द रस्त्यात दोनदा वाचतात.

महाराणा प्रताप चौकापाशी रिक्षा मिळते, पण मामांना चालायचंय. ऊन कडक आहे. ते टोपी सारखी करून पुढे पुढे चालतात, आणि घराजवळ आल्यावर आत न जाता गल्लीच्या मधोमध उभे राहतात. घराकडे तोंड करून. मी त्यांना असं उभं राहिलेलं शेतात पाहिलंय.

“वही काढ,” ते म्हणतात.

मी वही काढतो.

“पूर्वेला रस्ता. बारा फुटी.” मग ते स्वतःच पावलं टाकत गल्ली मोजतात. “अकराच शे. अकरा लिही. पश्चिमेला...” ते थांबतात. मागच्या घराचा प्लॉट नंबर त्यांना माहीत नाही. पंचवीस वर्षं त्या घराची भिंत यांच्या भिंतीला लागून आहे, दर दिवाळीला फराळाचं ताट जातं, पण नंबर माहीत नाही. उत्तरेच्या घरापुढे बाई खाटेवर बसून साडीला स्टोन लावतेय. मामा तिला हाक मारतात.

“वहिनी, तुमचा प्लॉट नंबर काय? आणि तुमच्या कागदावर ब्लॉक नंबर लिखेल शे का?”

“कसला ब्लॉक?”

“दस्तावेज केलेला का भाऊनी?”

“हां, फाइल शे ना आमनी.” ती साडी बाजूला ठेवते, हातावरचा गोंद पदराला पुसते आणि आत जाते. समोरच्या घरातला म्हातारा गच्चीवरून वाकून विचारतो, काय चाललंय रे. मामा वर बघून सांगतात. तोही आत जातो. मागच्या घराचं दार वाजवायला मामेभाऊ पळत निघालाय.

मी वहीवर चौकोन काढून ठेवलाय. पूर्वेच्या बाजूला अकरा फुटी रस्ता लिहिलंय, बाकी तीन बाजू कोऱ्या आहेत. वहिनी बाहेर येते, तिच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी आहे.